‘फेडरेशन’ जाऊन ‘युनियन’ आलं: राज्यघटनेच्या पहिल्या कलमाचं प्रकरण

२१ फेब्रुवारी १९४८ रोजी मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर यांनी राज्यघटनेचा मसुदा घटना समितीचे अध्यक्ष राजेंद्र प्रसाद यांच्याकडे पाठवला. सोबतच्या पत्रात पहिल्या कलमाविषयी एक छोटा खुलासा होता. भारताचं वर्णन ‘राज्यांची युनियन’ असं करताना समितीने ‘फेडरेशन’ऐवजी ‘युनियन’ हा शब्द घेतला आहे. नावावर फारसं काही अवलंबून नाही. पण १८६७ च्या ब्रिटिश नॉर्थ अमेरिका कायद्याच्या, म्हणजे कॅनडाच्या घटनेच्या, उद्देशिकेतली भाषा समितीला पसंत पडली, आणि रचना फेडरल असली तरी देशाला युनियन म्हणण्यात काही फायदे आहेत. हे फायदे कोणते, ते तिथे सांगितलेलं नाही.

४ नोव्हेंबर १९४८ ला आंबेडकर तोच मसुदा सभागृहात मांडायला उभे राहिले आणि म्हणाले की हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे. भारत फेडरेशन असेल, पण राज्यांनी एकमेकांशी करार करून ते बनलेलं नाही. करारातून बनलेलं नाही, म्हणून कोणत्याही राज्याला फुटून निघण्याचा हक्क नाही. ते अभंग आहे, म्हणून ते युनियन.

फेब्रुवारीत ‘नावावर फारसं काही नाही’ आणि नोव्हेंबरात ‘जाणूनबुजून’. मधे साडेआठ महिने. कलम १ चा अर्थ विचारला की जो तो नोव्हेंबरचं भाषण काढतो. फेब्रुवारीचं पत्र सहसा कोणी काढत नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचली की प्रश्न पडतो: अभंगपणा त्या शब्दात आधीपासून होता, की तो नंतर त्यात घातला गेला? माझं उत्तर: नंतर घातला गेला.

शब्दांची कुळं

‘युनियन’चं मूळ लॅटिन. ‘ऊनुस’ म्हणजे एक, त्यावरून ‘ऊनिओ’ म्हणजे एकपण. गंमत अशी की रोमन काळात ‘ऊनिओ’ हे टपोऱ्या मोत्याचंही नाव होतं. प्लिनीने त्याचं कारण दिलं आहे: असे दोन मोती कधी सारखे सापडत नाहीत, प्रत्येक एकुलता एक. खेड्यातली रोमन माणसं मात्र एका जातीच्या कांद्याला ‘ऊनिओ’ म्हणत, आणि इंग्रजीतला ‘अनियन’ तिथूनच फ्रेंचमार्गे आला. म्हणजे आपला केंद्रशासित प्रदेश आणि लासलगावचा कांदा इंग्रजीत एकाच घराण्यातले निघतात. असो.

‘फेडरेशन’चं कूळ निराळं. लॅटिन ‘फोएदुस’ म्हणजे तह, करार. ‘फिदेस’ म्हणजे विश्वास, या शब्दाचा तो भाऊबंद. ‘फेडरल’ हा शब्द सतराव्या शतकात इंग्रजीत आला तो आधी धर्मशास्त्रात, देव आणि माणूस यांच्यातल्या कराराविषयी. राजकारणात तो नंतर रुळला. तेव्हा फेडरेशन म्हणजे मुळातच करार करून जवळ आलेल्यांचा गट. नोव्हेंबरच्या भाषणात आंबेडकरांनी नाकारली ती नेमकी हीच गोष्ट. त्या भाषणात लॅटिन व्युत्पत्ती कुठे नाही, पण तर्क अगदी मुळावर बोट ठेवतो.

‘युनियन’मध्ये मात्र करार आहे की नाही, हे शब्द सांगत नाही. एक झाले, एवढंच तो सांगतो. कसे झाले, कुणी केले, परत सुटे होता येतं का, याबाबत तो गप्प आहे. १७०७ साली इंग्लंड आणि स्कॉटलंड एक झाले तेव्हा आधी तह झाला, मग दोन्ही संसदांनी कायदे केले, आणि त्या सगळ्याला नाव युनियनच. १८०१ पासून आयर्लंडही युनियनमध्ये होतं. १९२२ साली त्याचा मोठा भाग बाहेर पडला. १९१० ची युनियन ऑफ साउथ आफ्रिका तर फेडरेशनही नव्हती, सरळ एकात्म राज्य होतं. सोव्हिएत युनियनच्या १९३६ च्या घटनेने प्रजासत्ताकांना बाहेर पडण्याचा हक्क लिहून दिला होता, १९७७ च्या घटनेतही तो राहिला. युरोपियन युनियनच्या तहात तर बाहेर कसं पडायचं याची रीतसर पद्धतच दिली आहे आणि ब्रिटनने ती वापरली. इतक्या तऱ्हेतऱ्हेच्या संसारांना जे नाव चालतं, ते नाव एकटं घटस्फोट कसा अडवणार?

अमेरिकेत ‘युनियन’ला अभंगपणाचा अर्थ चिकटला, पण तिथेही शब्दकोशातून नाही. १७८७ च्या घटनेची उद्देशिका ‘अधिक परिपूर्ण युनियन’ची भाषा करते. तरी दक्षिणेतली राज्यं १८६० पासून फुटून निघाली, चार वर्षं यादवी झाली, आणि मग १८६९ मध्ये टेक्सास विरुद्ध व्हाइट खटल्यात सुप्रीम कोर्टाने लिहिलं की अमेरिकेच्या घटनेला अभिप्रेत आहे ती अभंग राज्यांची अभंग युनियन. या वाक्यातला ‘अभंग राज्यांची’ हा तुकडा पुढे लागेल.

१९४८ च्या टेबलावर काय काय होतं

मसुदा समितीपुढे ‘फेडरेशन’ हा शब्द कोरा आला नव्हता. ब्रिटिशांनी केलेल्या १९३५ च्या भारत सरकार कायद्यात ‘फेडरेशन ऑफ इंडिया’ची तरतूद होती. तिची अट अशी की पुरेसे संस्थानिक स्वखुशीने सामील झाले, म्हणजे संस्थानांच्या एकूण लोकसंख्येपैकी निम्मी लोकसंख्या आणि वरिष्ठ सभागृहातल्या संस्थानांच्या निम्म्या जागा भरतील इतके आले, तरच ती अस्तित्वात येणार. प्रत्येक राजा आपल्या सामीलनाम्यात अटी घालू शकत होता. प्रांतांना मात्र कोणी विचारणार नव्हतं, आणि संस्थानी प्रजेला तर नाहीच. जानेवारी १९३९ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेत आंबेडकरांनी याच फेडरेशनवर काळे स्मृती व्याख्यान दिलं आणि ती योजना सोलून काढली. संस्थानिकांची जुळवाजुळव झालीच नाही. त्या सप्टेंबरात महायुद्ध सुरू झालं आणि योजना गुंडाळली गेली. पण ‘फेडरेशन’ म्हटलं की राजेरजवाड्यांची घासाघीस आठवावी, इतका तो शब्द त्या पिढीसाठी डागाळला होता.

‘युनियन’ही स्वच्छ नव्हता. ब्रिटिश मंत्र्यांच्या शिष्टमंडळाने मांडलेल्या १६ मे १९४६ च्या कॅबिनेट मिशन योजनेत ‘युनियन ऑफ इंडिया’ असाच शब्द आहे, आणि ती युनियन होती अत्यंत दुबळी: परराष्ट्र व्यवहार, संरक्षण आणि दळणवळण एवढे तीनच विषय तिच्याकडे, बाकीचं सारं प्रांतांकडे. म्हणजे दोन वर्षांपूर्वी दिल्लीच्या कागदावर ‘युनियन’चा अर्थ कमकुवत केंद्र असा होता. ज्याला बळकट केंद्र हवं त्याने हाच शब्द निवडावा, हे तेव्हा विचित्र वाटलं असणार.

फाळणी ठरल्यावर ती योजना संपली. जुलै १९४७ मध्ये नेहरूंच्या अध्यक्षतेखालच्या समितीने भावी घटनेची जी तत्त्वं मांडली, त्यांत समितीच्या स्वतःच्या नावात ‘युनियन’ होतं आणि देशाचं वर्णन मात्र ‘फेडरेशन’. खुद्द आंबेडकरांनी मार्च १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये देशाचं नाव सुचवलं होतं ‘युनायटेड स्टेट्स ऑफ इंडिया’. नाव पक्कं व्हायचं होतं, इतकंच यातून दिसतं.

आणि याच वेळी सरदार पटेलांच्या संस्थान खात्यात ‘युनियन’ हा शब्द भलत्याच कामाला जुंपला होता. लहान संस्थानं एकत्र बांधून जे नवे घटक तयार होत होते, त्यांना युनियन म्हणत. मार्च १९४८ मध्ये अलवर, भरतपूर, धोलपूर, करौली मिळून मत्स्य युनियन झाली; जुलैत पतियाळा आणि पूर्व पंजाबातली संस्थानं मिळून ‘पेप्सू’, ज्यातला शेवटचा ‘यू’ युनियनचा. आपल्याकडे सांगली, मिरज, औंध, फलटण वगैरे दक्षिणी संस्थानांतही स्वतःचं एकत्र राज्य उभं करण्याचा घाट काही काळ घातला गेला होता, पण मार्च १९४८ मध्ये ती मुंबई प्रांतात विलीन झाली. तेव्हा १९४८ च्या उन्हाळ्यात ‘युनियन’ म्हणजे अख्खा भारतही होता आणि चार संस्थानांचं गाठोडंही.

कॅनडाचा दाखला

फेब्रुवारीच्या पत्रातला आधार कॅनडाचा. तो तपासून पाहिला तर जरा गंमत होते. १८६७ च्या त्या कायद्याची उद्देशिका म्हणते की कॅनडा, नोव्हा स्कोशिया आणि न्यू ब्रन्सविक या प्रांतांनी फेडरल पद्धतीने एक होऊन एक डोमिनियन बनण्याची इच्छा व्यक्त केली आहे, आणि अशी युनियन प्रांतांच्या हिताची ठरेल. म्हणजे जिथून शब्द घेतला, त्या वाक्यातच प्रांतांची इच्छा आधी येते आणि युनियन नंतर. करार नाकारण्यासाठी याहून गैरसोयीचा दाखला सापडणं कठीण.

कॅनडाचे लोक स्वतः १८६७ च्या त्या एकीकरणाला ‘कॉन्फेडरेशन’ म्हणतात, तो आणखी एक गोंधळ. आणि अभंगपणाचं म्हणाल, तर १९९५ साली क्वेबेकमध्ये वेगळं होण्यावर सार्वमत झालं आणि ‘नाही’ची बाजू ५०.५८ टक्क्यांनी जेमतेम तरली. पुढे १९९८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रांत एकतर्फी फुटू शकत नाही, पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळालं तर बाकीच्यांना वाटाघाटीला बसावं लागेल.

आंबेडकरांना या दाखल्याची अडचण जाणवली असावी. नोव्हेंबरच्या भाषणात त्यांनी कॅनडाचा उल्लेख केला तो एवढ्यापुरताच, की फेडरेशन असूनही त्याला युनियन म्हणतात, तेव्हा आपण प्रघाताला सोडून काही केलेलं नाही. लगेच पुढे त्यांनी सांगून टाकलं की कॅनडाच्या घटनेत हा शब्द का आला ते मला माहीत नाही. मसुदा समितीने का वापरला ते मी सांगू शकतो. निष्णात वकिलाने कामाचा तेवढाच दाखला घ्यावा आणि बाकीचा शांतपणे बाजूला सारावा, तशी ही चाल आहे. फेब्रुवारीत जो मुख्य आधार होता तो नोव्हेंबरात तळटीप झाला.

मधल्या काळात काय बदललं? १३ ते १७ सप्टेंबरची हैदराबादची कारवाई या साडेआठ महिन्यांतच झाली. देशाच्या पोटात एक संस्थान वर्षभर स्वतंत्र राहू पाहत होतं आणि रझाकारांचा जाच मराठवाड्याने सोसला होता. शब्दाचा खुलासा इतका कडक होण्यामागे हे असावं, हा माझा कयास. त्याला त्याच भाषणात थोडा आधार मिळतो: संस्थानांना स्वतःची फौज ठेवू देणारी तरतूद प्रतिगामी आहे आणि तिने भारताच्या एकतेला तडा जाईल, असं आंबेडकरांनी तिथे स्पष्ट म्हटलं. अमेरिकनांना हा मुद्दा पक्का करायला यादवी लढावी लागली, आपण तो आधीच स्पष्ट करून ठेवलेला बरा, हेही त्याच भाषणातलं.

नोव्हेंबरातच कलम १ वर दुरुस्त्या आल्या. मद्रासचे महबूब अली बेग यांना ‘युनियन’ काढून ‘फेडरेशन’ हवं होतं. उद्या सत्तेवरचा पक्ष या शब्दाच्या आडून एकात्म राज्य आणेल ही त्यांची भीती. के. टी. शाह यांना ‘सेक्युलर, फेडरल, सोशॅलिस्ट युनियन’ हवी होती. मौलाना हसरत मोहानींना सोव्हिएत धर्तीवर भारतीय समाजवादी प्रजासत्ताकांची युनियन हवी होती, म्हणजे शब्द तोच ठेवून अर्थ नेमका उलटा. या दुरुस्त्या टिकल्या नाहीत. पुढचं वादळ ‘इंडिया’ की ‘भारत’ यावर झालं आणि १८ सप्टेंबर १९४९ रोजी कलम मंजूर झालं तोवर ‘युनियन’वरचं भांडण मागे पडलं होतं.

शब्द पुरला का

नाही पुरला. १९६२ साली मद्रासकडच्या द्रमुक पक्षाचे नेते अण्णादुराई यांनी राज्यसभेत स्वतंत्र द्रविडनाडूची मागणी उघडपणे मांडली आणि ती मांडण्यापासून कलम १ त्यांना रोखू शकलं नाही. मग १९६३ मध्ये सोळावी घटनादुरुस्ती आली. देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता यांसाठी भाषणस्वातंत्र्यावर निर्बंध घालता येतील असं तिने ठरवलं, आणि निवडणुकीला उभं राहणाऱ्या उमेदवारालाही ती अखंडता जपण्याची शपथ घ्यायला लावली. द्रमुकने वेगळेपणाची मागणी सोडली. पहिल्या कलमातला एक शब्द हे काम करत असता, तर पंधरा वर्षांनी शपथा बदलण्याची गरज पडली नसती.

त्याच द्रमुकच्या सरकारने २०२१ साली सत्तेवर येताच ‘केंद्र सरकार’ऐवजी तमिळमध्ये ‘ओंड्रिय अरसु’, म्हणजे युनियन सरकार, असं म्हणायला सुरुवात केली. गदारोळ झाला, तेव्हा मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी विधानसभेत कलम १ कडे बोट दाखवलं. कायद्याच्या भाषेत त्यांचं बरोबरच होतं. घटनेत सगळीकडे ‘युनियन’च आहे. पुढच्या फेब्रुवारीत राहुल गांधींनी लोकसभेत ‘राज्यांची युनियन’ हेच शब्द राज्यांच्या बाजूने वापरले, आणि समोरून आंबेडकरांचं नोव्हेंबरचं भाषण वाचून दाखवण्यात आलं. फुटीरपणाला आळा म्हणून निवडलेला शब्द सत्तर वर्षांनी राज्यांच्या हक्कांची ढाल झाला, यात मला तरी विपरीत काही वाटत नाही. रिकाम्या जागेत कोणीही बसू शकतो.

कलम ३, आणि मुंबई

कलम १ च्या घोषणेचे दात आहेत ते कलम ३ मध्ये. संसद साध्या बहुमताने राज्य नव्याने बनवू शकते, तोडू शकते, जोडू शकते, त्याचं नावही बदलू शकते. संबंधित विधानसभेचं मत राष्ट्रपतींनी मागवायचं. ते पाळायचं बंधन नाही. अमेरिकेच्या वाक्यातला ‘अभंग राज्यांची’ हा तुकडा इथे गळून पडतो: युनियन अभंग, राज्यं मात्र भंगणारी.

याचा सगळ्यात स्वच्छ नमुना आपल्याच दारातला आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना विधेयकात आधी तीन घटक होते: महाराष्ट्र, गुजरात, आणि केंद्राच्या ताब्यातली मुंबई. हाच प्रस्ताव मुंबई विधानसभेकडे मतासाठी गेला होता. रस्त्यावर संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलेलं. त्या लढ्यात शंभराहून अधिक माणसं गेली. ऑगस्टमध्ये संसदेने एकाएकी तिन्ही घटक रद्द करून एकच द्वैभाषिक मुंबई राज्य ठरवलं, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला ते अस्तित्वात आलं. ज्या रूपात राज्य झालं, त्या रूपावर विधानसभेचं मत कोणी विचारलंच नव्हतं.

बाबूलाल पराते यांनी हाच मुद्दा घेऊन कोर्ट गाठलं. त्यांचं म्हणणं, विधानसभेकडे जे पाठवलं ते एक आणि मंजूर झालं ते दुसरंच; शिवाय ‘राज्य’ म्हणजे तिथले लोकही, त्यांना बोलू द्यायला हवं होतं. हायकोर्टाने अर्ज फेटाळला. ऑगस्ट १९५९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही अपील फेटाळलं. न्या. एस. के. दास यांच्या निकालाचं सार असं: मूळ प्रस्ताव एकदा पाठवला की पुरे, संसदेने पुढे त्यात दुरुस्ती केली तर प्रत्येक वेळी तो विधानसभेकडे परत पाठवायला नको, आणि विधानसभेचं मत संसदेवर बंधनकारक नाही. ‘फेडरेशन’मधला करार भारतात खरोखर नाही, हे आंबेडकरांचं वाक्य कायद्यात उतरलेलं बघायचं असेल तर ते इथे बघावं. त्यासाठी कोर्टाला ‘युनियन’ची व्युत्पत्ती लागली नाही, कलम ३ चं परंतुक, म्हणजे त्याला जोडलेली मत मागवण्याची अट, पुरलं.

मात्र ते द्वैभाषिक राज्य साडेतीन वर्षांच्या वर टिकलं नाही. कायदा संसदेच्या बाजूने होता, लोक नव्हते; १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली आणि १ मे १९६० ला संसदेने तेच कलम वापरून स्वतः बांधलेलं राज्य दोन केलं.

गोव्यात उलटं घडलं. १९६६ च्या अठराव्या घटनादुरुस्तीने कलम ३ ला एक स्पष्टीकरण जोडलं: विधानसभेचं मत मागवण्याच्या परंतुकापुरता ‘राज्य’ या शब्दात केंद्रशासित प्रदेश येत नाही. म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा असता, तर गोव्याच्या विधानसभेला विचारण्याचंही बंधन उरलं नव्हतं. तरी संसदेने त्याच वर्षी खास कायदा केला आणि विलीनीकरणाचा प्रश्न थेट मतदारांपुढे ठेवला. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळं राहण्याची खूण दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं पडली, दोन पानांना १,७२,१९१. विलीनीकरण मागणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष मतदानाच्या जेमतेम आधीपर्यंत सत्तेवर असूनही विलीनीकरण हरलं. गोवा पुढे वीस वर्षं केंद्रशासित राहिला आणि ३० मे १९८७ ला राज्य झाला.